चौथी सीट

काकूंनी एक्क्यांची जोडी सगळ्यांना दिसेल अशी चादरीवर ठेवली, क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि टाकलेल्या पानांच्या ढिगात सारून दिली. "मी नाही बाई यात," म्हणाल्या, आणि डब्यातली चकली उचलली.

इस्पिकचा एक्का आणि बदामाचा एक्का. पोकरमध्ये सुरुवातीला हातात येणाऱ्या दोन पानांत याहून भारी काही नसतं. ही जोडी सरासरी २२१ डावांत एकदा येते, आणि आली की भल्याभल्यांचा आवाज बदलतो. समोर माझ्या पुतण्यानं आपले सगळे चिंचोके मधोमध ढकलले होते. काकूंनी नुसतं "चल" म्हणून आपलेही लावायचे होते. पुतण्याला राहवेना. "आजी, एक्के टाकले तुम्ही? एक्के?" त्यानं स्वतःची पानं उलटी केली. चौकी आणि दुर्री. खोलीत हशा पिकला. मीही हसलो. काकू चकली खात राहिल्या.

त्या हसण्यात आम्ही सगळे चुकलो होतो आणि काकू बरोबर होत्या. का बरोबर होत्या, हे सांगायला जरा मागं जावं लागेल.

शनिवार, २३ ऑगस्ट २०२५. गणपती बुधवारी. दिंडोशीतली आमची वसाहत म्हणजे नागरी निवारा, मृणाल गोरे आणि बाबूराव सामंत यांच्या खटपटीतून उभी राहिलेली. ऑगस्ट उजाडला की इथल्या निम्म्या घरांत एकच विषय असतो: गावी कसं जायचं. रेल्वेचं आरक्षण सुरू होतं आणि डोळ्यांचं पातं लवेपर्यंत संपतं. आमच्या मजल्यावरच्या एकाची गाडी देवरुखकडे निघणार होती. तो स्वतः चालवणार, म्हणजे जागा उरल्या चार. इच्छुक नऊ. ज्यांना जागा मिळणार नाही त्यांनी दिवा–सावंतवाडीच्या जनरल डब्यात घुसायचं, हे न बोलता ठरलेलं होतं.

चिठ्ठ्या टाकू, असं नाना म्हणाले. पुतण्या म्हणाला, त्यापेक्षा सॅटेलाइट खेळू.

पुतण्या फिल्म सिटी रोडवरच्या आयटी पार्कमध्ये नोकरीला. दोन-तीन वर्षं रात्रीचा मोबाइलवर पोकर खेळायचा, तेही बहुतेक सॅटेलाइटच. नेमकं त्याच आठवड्यात ते बंद झालं होतं. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेनं मंजूर केला, २२ ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची सही झाली, आणि त्याच्या मोबाइलवरची टेबलं रिकामी पडली. त्यामुळे त्याचे हात शिवशिवत होते. नाना दिंडोशीच्या सत्र न्यायालयात नोकरी करून निवृत्त झालेले. त्यांनी आधी चष्मा काढून विचारलं, "हा जुगार तर नव्हे? अठराशे सत्त्याऐंशीचा कायदा आहे, अजून जिवंत आहे तो." पैसा एकही लावायचा नाही हे कळल्यावर ते मांडी ठोकून बसले. काकूंच्या बरणीतले चिंचोके आले. नऊशे भरेनात म्हणून वरून वालाचे दाणे घेतले. प्रत्येकाला शंभर.

आता हे सॅटेलाइट म्हणजे काय. गोव्यात मांडवीतल्या कॅसिनो-बोटींवर पोकरच्या मोठ्या स्पर्धा होतात. समजा, मोठ्या स्पर्धेची प्रवेश फी पन्नास हजार आहे. एवढे रोख मोजायची सगळ्यांची तयारी नसते. म्हणून आधी पाच हजारांची एक छोटी स्पर्धा ठेवतात. पन्नास जण बसले तर अडीच लाख जमले. आयोजकाचा वाटा बाजूला ठेवू. अडीच लाखांत मोठ्या स्पर्धेच्या पाच प्रवेशिका येतात. छोट्या स्पर्धेत शेवटपर्यंत टिकलेल्या पाच जणांना प्रत्येकी एक प्रवेशिका. ही छोटी स्पर्धा म्हणजे सॅटेलाइट. मोठ्या ग्रहाभोवती फिरणारा उपग्रह, तसं काहीसं नाव.

नेहमीच्या स्पर्धेत पहिल्याला सगळ्यात जास्त मिळतं, दुसऱ्याला त्याहून कमी, आणि वर जावं तशी बक्षिसं फुगत जातात. सॅटेलाइटमध्ये पहिल्याला एक प्रवेशिका, पाचव्यालाही एकच. सहाव्याला टाटा. ढीगभर चिप्स, म्हणजे आमच्या चिंचोक्यांच्या जागी असतात त्या चकत्या, जमवून पहिला आलेला आणि चार चिप्स मुठीत धरून कसाबसा पाचवा राहिलेला, दोघांच्या हातात सारखाच कागद पडतो.

मुंबईकराला हे लगेच पटत नाही, कारण त्याला सीट-सीटमधला फरक नेमका माहीत असतो. लोकलच्या बाकावर खिडकीची सीट वेगळी, मधली वेगळी, आणि चौथी सीट म्हणजे अर्धं बूड बाकावर आणि अर्धं हवेत. तिसऱ्याकडे नुसतं पाहून "जरा सरका" म्हणायचं आणि तो एक इंच सरकला की कृतकृत्य व्हायचं. गोरेगावला सकाळी चढणाऱ्याला चौथी सीट मिळाली तरी तो दिवस चांगला. पण खिडकीवाल्याची बरोबरी ती कधी करत नाही. आमच्या गाडीच्या मालकानं मात्र खेळ सुरू होण्याआधीच जाहीर केलं होतं: पुढची सीट नानांना, ते जिंकले तर, घाटात त्यांना मळमळतं. बाकी कोण कुठे, ते गाडीत बसताना ठरेल. पहिला आला म्हणून खिडकी मिळणार नाही. चौथी सीटही पूर्ण सीट.

काकूंना हे कुणी समजावून सांगावं लागलं नाही, कारण त्या आयुष्यभर झब्बू खेळत आल्या आहेत.

झब्बूत कुणी जिंकत नाही. लावलेल्या रंगाचं पान हातात नसेल तर दुसऱ्या रंगाचं पान टाकून झब्बू द्यायचा, म्हणजे ज्याचं पान सगळ्यात मोठं त्याला तो सगळा ढीग उचलावा लागतो. हातातली पानं संपवून एकेक जण सुटत जातो, आणि शेवटी ज्याच्या हातात पानं उरतात तो गाढव. कोण आधी सुटलं हे दुसऱ्या दिवशी कुणाला आठवत नाही. गाढव कोण झालं हे मात्र पुढच्या मे महिन्यापर्यंत आठवतं. झब्बूत मुरलेला माणूस मोठ्या पानाकडे संशयानं पाहतो. एक्का हातात आला की तो आनंदत नाही, हा आता कुणाच्या गळ्यात मारायचा याचा विचार करतो. पुतण्याला एक्का म्हणजे शक्ती वाटते, काकूंना एक्का म्हणजे जोखीम.

आता त्या डावाचा हिशेब मांडतो. चादरीवर पाच जण उरले होते, जागा चार. म्हणजे फक्त एक जण बाहेर पडायचा होता. पोकरवाले या टप्प्याला बबल म्हणतात. पुतण्याकडे ३४० चिंचोके, काकूंकडे २४०, माझ्याकडे १९०, नानांकडे १०५ आणि वहिनींकडे फक्त २५. बेरीज नऊशे.

पोकरमध्ये दर डावाला दोघांना सक्तीनं काही चिप्स मध्ये टाकाव्या लागतात. त्यांना ब्लाइंड म्हणतात, एक लहान आणि एक मोठा, आणि ही पाळी डावागणिक एकेका खेळाडूनं पुढे सरकते. ब्लाइंड नसते तर सगळे एक्क्यांची वाट बघत रात्रभर बसले असते. त्या वेळी आमचा लहान ब्लाइंड दहाचा होता, मोठा वीसचा. या डावात मोठा ब्लाइंड काकूंचा होता. पुढच्या डावात तो वहिनींवर येणार होता. वहिनींच्या पंचवीसपैकी वीस आपोआप जाणार होते, त्यांची इच्छा असो वा नसो.

अशा वेळी पुतण्यानं सगळे चिंचोके पुढे ढकलले, ऑल-इन. काकूंच्या हातात एक्के. समोरच्याकडे कुठलीही दोन पानं असू शकतात असं धरलं तर एक्क्यांची जोडी शंभरातल्या पंच्याऐंशी वेळा जिंकते. नेहमीच्या खेळात हा सोन्याचा सौदा आहे. पण काकू हरल्या असत्या तर काय? पुतण्याकडे त्यांच्यापेक्षा जास्त चिंचोके होते, म्हणजे काकू तिथेच बाहेर. शंभरातल्या पंधरा वेळा २४० चिंचोकेवाल्या काकू दिवा स्टेशनात रांगेला, आणि २५ चिंचोकेवाल्या वहिनी गाडीत.

आणि एक्के टाकून दिले तर? काकूंकडे २२० उरतात. वहिनी पुढच्या डावात मरणपंथाला लागणार, त्यांच्यामागे नाना. काकूंच्या आधी बाहेर जायला दोन माणसं तयार बसलेली. त्यांना जागा मिळण्याची शक्यता शंभरात सत्त्याण्णव तरी असेल. अगदी हात आखडून नव्वद धरा. म्हणजे सौदा असा: हातात असलेले नव्वद-सत्त्याण्णव टाकून पंच्याऐंशी घ्यायचे. "चल" म्हणून जिंकल्या असत्या तर ४९० चिंचोके झाले असते, पण चिंचोके ४९० असोत नाहीतर ५०, सीट एकच. एका माणसाला दोन सीट मिळत नाहीत.

यातली खरी गंमत पुढे आहे. पानं टाकून सत्त्याण्णव टक्के मिळत असतील, तर "चल" म्हणायला सत्त्याण्णव टक्क्यांहून जास्त खात्री हवी. पटावर, म्हणजे सगळ्यांची सामाईक पाच पानं जिथे उघडतात तिथे, एकही पान पडलेलं नसताना पोकरमध्ये एवढी खात्री कुठल्याच दोन पानांना नसते. एक्के असोत, बादशहा असोत, काहीही असो. म्हणजे त्या क्षणी काकूंना आपली पानं पाहायचीसुद्धा गरज नव्हती. पुतण्याचे चिंचोके पुढे सरकले तिथेच त्यांचा निर्णय झालेला होता. पानं पाहून तो बदलला असता तर ती चूक ठरली असती.

पोकरच्या पुस्तकांत या हिशेबाला मोठं नाव आहे, इंडिपेंडंट चिप मॉडेल. त्याचं मूळ घोड्यांच्या शर्यतीत आहे. डेव्हिड हार्व्हिल नावाच्या संख्याशास्त्रज्ञानं १९७३ मध्ये एक लेख लिहिला: कुठला घोडा पहिला येण्याची शक्यता किती हे माहीत असेल, तर त्यावरून दुसरा आणि तिसरा कोण येईल याच्या शक्यता कशा काढायच्या. पुढे मेसन माल्मथ यानं १९८७ च्या आपल्या पुस्तकात असाच हिशेब पोकरच्या चिप्सना लावला. चिप्स आणि पैसे यांची किंमत सरळ रेषेत वाढत नाही, एवढंच त्याचं सार. दुप्पट चिप्स म्हणजे दुप्पट पैसे नव्हेत. त्याच १९८७ मध्ये रिझर्व्ह बँकेनं इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था स्थापन केली, आज आमच्याकडून फिल्म सिटीकडे चढत जाणाऱ्या जनरल वैद्य मार्गावर जी आहे ती. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण त्या फाटकावरून जाताना मला दर वेळी बारावीच्या अर्थशास्त्रातला घटत्या सीमांत उपयोगितेचा नियम आठवतो. पहिला वडापाव अमृत, दुसरा बरा, तिसरा कसाबसा, चौथा शत्रूला द्यावा. सॅटेलाइटमध्ये ही घट पायरीपायरीनं होत नाही. सीट पक्की होईपर्यंत प्रत्येक चिंचोका मोलाचा, आणि ती झाली की पुढचा एकूण एक चिंचोका म्हणजे नुसतं चिंचेचं बी.

इथे माणूस हमखास चुकीचा धडा घेतो. म्हणजे सॅटेलाइट हा भित्र्यांचा खेळ, गप्प बसावं, पानं टाकत राहावं, दुसरे मरतील. मलाही तसंच वाटलं होतं. मला दुरुस्त केलं वहिनींच्या मुलीनं. ती एमपीएससीचा अभ्यास करते. एका कोपऱ्यात पुस्तक उघडं ठेवून ती आमचा तमाशा बघत होती. वर न बघता म्हणाली, "काका, ही पूर्व परीक्षा आहे."

राज्यसेवेच्या पूर्व परीक्षेचे गुण अंतिम यादीत धरत नाहीत. कट-ऑफच्या वर गेलात की मुख्य परीक्षेला बसायला मिळतं, बस्स. पूर्वला पहिला आलेला आणि कट-ऑफवर अर्ध्या गुणानं तरलेला, मुख्य परीक्षेच्या सभागृहात दोघांची पाटी कोरी. वर चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांचा चौथा हिस्सा कापतात. "ज्याचा पेपर भरपूर झालाय त्यानं उरलेल्या प्रश्नांवर ठोकाठोकी करू नये," ती म्हणाली, "पण ज्याचे चाळीसच प्रश्न पक्के झालेत, तो ठोकणार नाही तर काय करणार? गप्प बसला तर नापास होणारच आहे."

या एका वाक्यात सॅटेलाइटचा दुसरा अर्धा भाग आला. तोच धोका एकाला मूर्खपणा असतो आणि दुसऱ्याला एकमेव रस्ता. आपण कुठे उभे आहोत हे कळायला एक सोपा भागाकार आहे. एकूण चिप्स भागिले एकूण जागा. आमचे नऊशे भागिले चार, म्हणजे सव्वादोनशे. हा त्या रात्रीचा कट-ऑफ. शंभर चिंचोक्यांनी सुरुवात करणाऱ्याला सव्वादोनशेच्या आसपास पोचायचं तर आधी कुणाकडून तरी घ्यावे लागणारच. नऊ जण बसलेत आणि जागा चार आहेत तेव्हा पानं टाकत बसणं म्हणजे ब्लाइंडनं कणाकणानं खाऊ देणं. सुरुवातीचा तास-दीड तास सॅटेलाइट नेहमीच्या पोकरसारखंच खेळायचं असतं, चांगल्या पानांवर जोर लावून. सव्वादोनशेच्या जवळ आलात की मात्र गिअर बदलायचा. बहुतेक लोक उलटं करतात. सुरुवातीला जपून बसतात आणि शेवटी, चिप्स जमल्यावर, अंगात येतं. माझं तसंच झालं, पण ते पुढे.

ढकलणं आणि "चल" म्हणणं यांतला फरकही इथेच उघडा पडतो. जो ऑल-इन ढकलतो त्याच्यापुढे दोन दारं असतात: समोरचे घाबरून पानं टाकतील, नाहीतर पानं उघडल्यावर तो जिंकेल. "चल" म्हणणाऱ्यापुढे एकच दार. बबलवर तर मधल्या खेळाडूंना एक्केसुद्धा टाकावे लागतात, म्हणजे ढकलणाऱ्याचं पहिलं दार सताड उघडं. म्हणून कमी चिप्सवाल्यानं मरायची वाट न बघता वेळेत ढकलावं. नानांसारख्यानं तर नक्कीच. १०५ चिंचोके आहेत तोवर समोरच्याला त्यांचा धाक आहे. ब्लाइंडनं खाऊन तीस राहिले की कुणीही "चल" म्हणेल, कारण हरला तरी त्याचं काय जातंय? आणि ढकलायचं कुणावर? ज्याच्याकडे गमावण्यासारखं खूप आहे पण तुमच्यापेक्षा फार जास्त नाही, त्याच्यावर. वहिनींवर ढकलून उपयोग नव्हता. पंचवीसवाला माणूस घाबरत नाही, मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही.

मग पुतण्याचं काय? त्याच्याकडे ३४० होते, कट-ऑफच्या पार पलीकडे. त्याची सीट झालेली होती. चौकी-दुर्रीवर ऑल-इन ढकलून त्याला मिळणार होते ब्लाइंडचे तीस चिंचोके, ज्यांचा त्याला काडीचा उपयोग नव्हता. आणि काकूंनी, चुकून का होईना, एक्के दामटले असते तर बरेचदा तो शंभरावर आला असता. त्याचं उत्तर तयार होतं: "आजी टाकणारच होत्या, त्यांना टाकावंच लागतं." बरोबर आहे, पण समोरचा शहाणा आहे या भरवशावर स्वतः मूर्खपणा करायचा, हा काही डावपेच झाला नाही. खरं म्हणजे त्याला खेळायची खाज होती. ज्याची सीट पक्की आहे त्यानं प्रत्येक पान न बघता टाकावं, हे सॅटेलाइटमधलं सगळ्यात शहाणं आणि सगळ्यात कंटाळवाणं काम. दोन-तीन वर्षं हा खेळ खेळलेल्या मुलाला तेच जमलं नाही.

कंटाळ्याचंही शास्त्र आहे. बबलवर अनुभवी माणूस पानांकडे कमी आणि ब्लाइंडच्या पाळीकडे जास्त पाहतो. मला मोठा ब्लाइंड कधी, त्या पंचवीसवाल्याला कधी? त्याला आधी असेल तर आपण पाण्याचा घोट घ्यावा, पानं पुन्हा बघावी, सुस्कारा टाकावा. एकाच वेळी अनेक टेबलांवर स्पर्धा चालू असते तेव्हा तर प्रत्येक टेबल आपला वेळ काढतं, दुसऱ्या टेबलावर कुणीतरी आधी मरावं म्हणून. हा प्रकार इतका होतो की आयोजक शेवटी सगळ्या टेबलांना एकेक डाव बरोबरच खेळायला लावतात.

अबोल युतीही होते. एखादा अगदी कमी चिप्सवाला ऑल-इन गेला की दोन-तीन जण त्याला "चल" म्हणतात आणि मग आपसात पुढे एक चिपही न लावता पाचही पानं उघडू देतात. जितके हात जास्त तितकी त्याला कुणीतरी हरवण्याची शक्यता जास्त. हे न बोलता झालं तर खेळाचा भाग. तोंडानं ठरवलं तर लबाडी, आणि त्याला शिक्षा असते. आमच्याकडे सहा जण उरले असताना एक जण अठरा चिंचोक्यांवर ऑल-इन गेला तेव्हा काकू मोठ्यानं म्हणाल्या, "चला, सगळे मिळून याला काढू या." पुतण्यानं कपाळावर हात मारला.

बक्षिसाची रचना बदलली की शहाणपणाची व्याख्याच कशी बदलते, याचं मला सापडलेलं सगळ्यात गमतीदार उदाहरण अमेरिकेतलं. लास व्हेगासला १९७० पासून वर्ल्ड सीरिज ऑफ पोकर भरते, तिच्या मुख्य स्पर्धेची फी दहा हजार डॉलर. सॅटेलाइटमधून येऊन ती जिंकणारा पहिला माणूस टॉम मॅकएव्हॉय, १९८३ मध्ये. पण जगाला कळलं ते २००३ मध्ये, टेनेसीतल्या ख्रिस मनीमेकर नावाच्या हिशेबनिसामुळे. आडनाव खरंच मनीमेकर. ८६ डॉलरच्या ऑनलाइन सॅटेलाइटमधून तो वर चढला. शेवटच्या सॅटेलाइटमध्ये पहिल्या तिघांना व्हेगासची प्रवेशिका होती आणि चौथ्याला आठ हजार डॉलर रोख. मनीमेकरला देणी भागवायची होती. तो चौथा यायला बघत होता! मित्रानं समजूत घातली म्हणून प्रवेशिकेसाठी खेळला. व्हेगासला ८३९ खेळाडूंत पहिला आला, पंचवीस लाख डॉलर घेऊन. त्यानंतर जगभरात सॅटेलाइटचं पीक आलं, ते पुढे दिंडोशीतल्या मोबाइलांपर्यंत पोचलं.

लोक ही गोष्ट नशिबाची म्हणून सांगतात. माझं लक्ष जातं त्या चौथ्या जागेकडे. प्रवेशिकेची छापील किंमत दहा हजार, रोख आठ हजार. कागदावर तिसरा नंबर चौथ्यापेक्षा दोन हजारांनी भारी. पण कर्ज अंगावर असलेल्या माणसाला रोख आठ हजार जास्त जड. पुतण्यानं एकदा गोव्याची प्रवेशिका जिंकली होती आणि रजा मिळाली नाही म्हणून ती वाया गेली. त्या प्रवेशिकेची त्याच्या लेखी किंमत किती? सॅटेलाइटला बसण्याआधी विचारायचा हा प्रश्न तो बसल्यानंतर विचारतो. आमच्या नानांनी मात्र आधीच विचारला होता: "घाटात गाडी थांबवाल ना मला लागलं तर? नाहीतर मी आत्ताच उठतो."

आता त्या रात्रीचा पुढचा डाव. काकूंनी एक्के टाकल्यावर वादावादी झाली, आणि हा सगळा हिशेब, जो मी वर इतक्या शांतपणे मांडला, तो पुतण्यानंच शेवटी कागदावर करून दाखवला. मी मान डोलावली. मला अगदी पटलं. पानं पुन्हा वाटली. काकूंनी दहा टाकले, वहिनींनी वीस, त्यांच्यापुढे पाच चिंचोके उरले. त्यांतला एक वाल होता. बोलायची पहिली पाळी माझी. मी पानांचे कोपरे उचलून बघितले. बदामाचा बादशहा, किलवरचा बादशहा.

माझ्याकडे १९० होते. उजव्या हाताला वहिनी पाच चिंचोक्यांवर. पुढच्याच डावात त्या जाणार, हे शेंबड्या पोरालाही दिसत होतं. पाच मिनिटांपूर्वी मी काकूंच्या शहाणपणावर मान डोलावली होती. मी साठ चिंचोके पुढे सरकवले.

पुतण्या ऑल-इन. नानांनी पानं टाकली. काकूंनी टाकली, माझ्याकडे एकदा बघून. वहिनींच्या मोठ्या ब्लाइंडचे वीस आधीच मध्ये होते, उरलेल्या पाचांसाठी कुणीही म्हणालं असतं की टाका तेवढेही. पण दोन मोठे एकमेकांवर धावून चाललेत हे त्यांनी पाहिलं, पाच चिंचोके मुठीत घट्ट धरले आणि पानं टाकली. त्या रात्रीचा सगळ्यात सुंदर डाव तो.

मी अजूनही थांबू शकलो असतो. १३० उरले असते, आणि वहिनींचे पाच. "चल," मी म्हणालो. पुतण्यानं एक्का-गुलाम उघडला. बादशहांची जोडी एक्का-गुलामाला शंभरातल्या सत्तर वेळा हरवते. पटावर पहिली तीन पानं पडली: नव्वी, पंजी, दुर्री. चौथा, चौकटचा एक्का. पाचव्या पानाकडे मी पाहिलंच नाही.

"सॉरी काका," पुतण्या म्हणाला. वहिनींनी मूठ उघडली. घामानं वाल तळहाताला चिकटला होता.

दिवा–सावंतवाडीत पनवेलपर्यंत एका पायावर उभा होतो. पनवेलनंतर एका भल्या माणसाकडे नुसतं बघितलं, तो इंचभर सरकला, आणि बाकाच्या कडेला टेकायला मिळालं. चिपळूण यायच्या सुमारास काकूंचा फोन आला. गाडी पहाटे निघालेली, आणि अजून माणगावातच होती. पुढे-मागे गाड्याच गाड्या, तीन तास जागची हललेली नाही. नाना पुढच्या सीटवर घोरतायत.

"मग करताय काय?" मी विचारलं.

"काय करणार? पत्ते आहेत पर्समध्ये. मागच्या सीटवर झब्बू मांडलाय आम्ही तिघांनी. पाच डाव झाले."

"गाढव कोण?"

"पाचही वेळा तुझा पुतण्या," काकू म्हणाल्या.